भाड्याच्या घरातली नको असलेली गॅस फायर: झाकली तरी त्रास परत परत का येतो

लेस्टर असो, स्लाउ असो की हॅरो, इंग्लंडातल्या जुन्या टेरेस घरात (एका ओळीत भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरात) बैठकीच्या खोलीत बरोबर मधल्या भिंतीवर गॅस फायर, म्हणजे खोली गरम करायची गॅसवरची शेकोटी, बसवलेली सापडते. घरात सेंट्रल हीटिंग असल्यामुळे ती कोणी पेटवत नाही. दिसायला जुनाट, त्यात घरात रांगतं मूल असलं की बटणाकडे सारखं लक्ष ठेवावं लागतं. मग भाडेकरू मापाची फळी कापून आणतो, पांढरा रंग देतो आणि दुहेरी टेपने फायरच्या चौकटीवर चिकटवून टाकतो. दोन महिन्यांत फळी पुढे झुकते. नाहीतर मागून काजळीचा वास यायला लागतो, किंवा वार्षिक तपासणीला आलेला इंजिनिअर ती काढायला लावतो. पुन्हा चिकटवली की पुढच्या हिवाळ्यात तेच.

यात दोष कामाच्या क्रमाचा असतो. आधी गॅसचा निकाल लावायचा, मग धुराड्याचा, आणि फळी सगळ्यात शेवटी. जी फायर अजून पेटू शकते तिच्यावर कोणतंही आवरण घालू नका, एका रात्रीपुरतंही नाही. पडद्याचं कापड, पुठ्ठा, फोमची पाटी यांतलं काहीच चालणार नाही. ज्वलनाला हवा लागते आणि जळलेला वायू वर निघून जावा लागतो. यांतलं एक अडलं तरी कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास.

मागे काय आहे ते आधी ओळखा

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ही नुसती फायर आहे, की तिच्यामागे बॅक बॉयलर आहे? पूर्वी बऱ्याच घरांत धुराड्याच्या पोकळीत बॉयलर बसवत आणि त्याच्या पुढ्यात फायर लावत. बॅक्सी बर्म्युडा हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. समोरून दिसते फक्त फायर, पण घरातलं गरम पाणी आणि रेडिएटर मागच्या बॉयलरवर चालतात. फायर कधीच पेटवली नाही तरी बॉयलर रोज पेटतो आणि तेच धुराडं वापरतो. अशा ठिकाणी झाकाझाकीचा विचारच सोडून द्या.

ओळखायला सोपं आहे. स्वयंपाकघरात किंवा माळ्यावर भिंतीला टांगलेला बॉयलर कुठेच दिसत नसेल, वरच्या मजल्यावरच्या कपाटात तांब्याची पाण्याची टाकी असेल, आणि गरम पाणी सुरू झालं की फायरच्या मागून घरघर ऐकू येत असेल, तर तो बॅक बॉयलर समजा. घरमालकाने दिलेला गॅस सेफ्टी रेकॉर्ड (वार्षिक तपासणीचा दाखला) हाही पाहा. त्यात प्रत्येक उपकरणाचं नाव आणि खोली लिहिलेली असते.

बॅक बॉयलर नसेल तर उरतात चार-पाच प्रकार. भिंतीतून पुढे आलेली, लाल होणाऱ्या सिरॅमिक जाळ्यांची रेडिएंट फायर, पोकळीत बसवलेली, खोट्या कोळशांची इनसेट फायर, आणि उघड्या जाळीत खोटे कोळसे ठेवलेली शोभेची फायर. ही शेवटची सर्वांत जास्त हवा ओढते, म्हणून तिच्यासाठी बाहेरच्या भिंतीत वेगळी हवेची जाळी बसवलेली असते. काचबंद बॅलन्स्ड फ्लू फायर हवा बाहेरून घेते आणि बाहेरच सोडते. फ्लूलेस प्रकाराला तर धुराडंच नसतं, जळलेला वायू खोलीतच येतो, म्हणून तिथे भिंतीतली जाळी आणि उघडणारी खिडकी दोन्ही लागतात. खोलीत अशी जाळी असेल तर थंडी वाजते म्हणून तिच्यात कापूस किंवा वर्तमानपत्र कोंबू नका. फटी बुजवायची आपली सवय इथे घातक ठरते.

‘बंद’ म्हणजे नक्की काय बंद

महाराष्ट्रात सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवून झोपायची सवय आपल्याला असते. तो फिरवला की नळीत गॅस येत नाही. गॅस फायरचं बटण ‘ऑफ’वर नेणं मात्र निराळं आहे. बटणाने बर्नर बंद होतो, पण गॅस पाइपमधून फायरच्या आतल्या झडपेपर्यंत आलेलाच असतो. काही जुन्या फायरमध्ये बर्नर बंद असला तरी निळी पायलट ज्योत दिवसरात्र जळत राहते. काही फायरना बॅटरीवरचं इग्निशन किंवा रिमोट असतो. फळीमागे असं काही चुकून पेटलं तर बाहेरून कळणारही नाही.

फायरच्या बाजूला, खाली हर्थच्या (फायरपुढच्या दगडी किंवा फरशीच्या ओट्याच्या) जवळ, पाइपला एक लहानसा वळणाचा व्हॉल्व्ह असतो. इंजिनिअर त्याला रिस्ट्रिक्टर एल्बो म्हणतात. तो स्क्रूड्रायव्हरने किंवा षटकोनी चावीने फिरतो, आणि तो फिरवणं हे भाडेकरूचं काम नाही. जोडणी सोडणं, पाइप बंद करणं, फायर जागची हलवणं हे गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं आहे. २००९ पर्यंत हीच नोंदणी कॉर्गीकडे होती. जुन्या स्टिकरवर ते नाव दिसलं तर ती आजची पात्रता नाही. माणूस दारात आला की त्याचं ओळखपत्र मागा. मागच्या बाजूला तो कोणकोणत्या प्रकारच्या उपकरणांवर काम करू शकतो ते लिहिलेलं असतं. बॉयलरची परवानगी असलेल्या प्रत्येकाला फायरचीही असतेच असं नाही.

इंजिनिअरने करायचं काम असं: फायरकडे जाणारी जोडणी सोडायची, पाइपच्या तोंडाला योग्य धातूची कॅप बसवायची, आणि मग मीटरजवळ दाब मोजून गळती नाही याची चाचणी घ्यायची. शेवटच्या चाचणीशिवाय काम पुरं झालं असं धरू नका. फायर जागीच राहते, फक्त मुकी होते. उद्या मालकाला ती हवी असेल तर पुन्हा जोडता येते, म्हणून मालकही सहसा अडून बसत नाहीत. नुसता व्हॉल्व्ह बंद करून जाणं मात्र पुरेसं नाही. जोडलेली फायर कायद्याने अजूनही मालकाचं उपकरण असते आणि तिची तपासणी दर बारा महिन्यांनी व्हावीच लागते. तुमची फळी दर वर्षी निघते ती म्हणूनच.

कॅप लागली तरी कॅपपर्यंतच्या पाइपात गॅस आहे, हे लक्षात ठेवा. हर्थमध्ये किंवा शेजारच्या स्कर्टिंगमध्ये (भिंतीच्या तळाच्या पट्टीत) ड्रिल घालू नका.

घरमालकाला काय लिहायचं

तोंडी बोलून उपयोग नाही, ईमेल हवा. त्यात चार गोष्टी घाला. फायर वापरात नाही. पुढच्या वार्षिक तपासणीच्या वेळीच इंजिनिअरकडून तिची गॅसची जोडणी तोडून पाइपला कॅप लावून हवी. तसं रेकॉर्डवर लिहून हवं. आणि नंतर तुम्ही भिंतीला खिळा न मारता एक सुटं आवरण उभं करणार आहात. इंजिनिअर तपासणीला येणारच असतो, म्हणून त्याच फेरीत काम मागितलं की वेगळ्या फेरीचा खर्च मालकावर पडत नाही. ही विनंती मान्य होण्याची शक्यता सर्वांत जास्त इथेच असते.

१९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार मालकाने तपासणी झाल्यापासून २८ दिवसांत रेकॉर्डची प्रत राहत्या भाडेकरूला द्यायची असते, आणि नव्या भाडेकरूला घरात येण्याआधी. तुमच्याकडे ती नसेल तर त्याच ईमेलमध्ये मागा. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२ पासून गॅस फायर किंवा बॉयलरसारखं बसवलेलं ज्वलन उपकरण असलेल्या प्रत्येक राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणंही मालकाला बंधनकारक आहे. फक्त स्वयंपाकाच्या गॅस शेगडीला यातून सूट आहे.

मालक नाही म्हणू शकतो. त्या खोलीत रेडिएटर नसेल आणि फायर हीच तिथली उष्णता असेल, तर त्याचं नाही म्हणणं रास्तही असतं. मग आवरणाचा नाद सोडून धातूच्या जाळीचा फायरगार्ड घ्या, ब्रिटिश मानक ८४२३ चा. जाळीतून हवा आणि उष्णता खेळती राहते आणि मुलाचा हात आत जात नाही. दिसायला शोभिवंत नाही, पण पेटू शकणाऱ्या फायरपुढे ठेवण्यालायक तेवढंच आहे. फर्निचर, पडदे, वाळत घातलेले कपडे किमान एक मीटर दूर ठेवा.

धुराडं: वास, वारा आणि ओल इथून येते

कॅप लागली, तरी धुराडं उघडंच आहे. घरातली गरम हवा हलकी होऊन वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला दारा-खिडक्यांच्या फटींतून गार हवा आत येते. वारा उलटा फिरला किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जोरात चालू असला की हवा धुराड्यातून खाली उतरते आणि सोबत काजळीचा आंबूस, ओलसर वास आणते. फळी पुढे ढकलली जाते तीही बऱ्याचदा याच दाबाने.

तोडलेल्या, म्हणजे गॅसची जोडणी काढलेल्या फायरवर एक साधी तपासणी करता येते. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद करा, एक्झॉस्ट चालू करा, आणि पेटलेली उदबत्ती फायरच्या कडेने सावकाश फिरवा. धूर आत ओढला गेला तर धुराडं हवा वर नेतं आहे. धूर तुमच्या तोंडावर आला तर हवा खाली येते आहे, आणि कोणत्या कडेने येते तेही लगेच दिसतं. जोडलेल्या फायरसाठी इंजिनिअर धुराची काडी लावून जी चाचणी घेतात तिची जागा ही उदबत्ती घेऊ शकत नाही. आणि गॅसचा किंचित जरी वास असेल तर काडीपेटीला हात लावू नका.

फायरच्या मागे बहुधा अॅल्युमिनियमचा एक पातळ पत्रा असतो, क्लोजर प्लेट. चारही बाजूंनी उष्णता सोसणाऱ्या टेपने तो भिंतीला चिकटवलेला असतो, मधल्या छिद्रातून फायरचं तोंड धुराड्यात जातं आणि खाली एक आडवी खाच मुद्दाम ठेवलेली असते. ती खाच पाहून पुष्कळांना वाटतं की वारा इथून येतो, आणि ते तिच्यावर टेप मारून टाकतात. जोडलेल्या फायरमध्ये ती खाच धुराड्याची ओढ आटोक्यात ठेवण्यासाठी असते, तिला हात लावायचा नाही.

वारा थांबवायला धुराड्यात फुगा किंवा लोकरीच्या नमद्याचा बोळा बसवतात. फायर जोडलेली असेल तर हे दोन्ही जीवघेणे आहेत. तोडलेली असेल तर चालतात, पण तिथवर हात पोचायला फायर आणि पत्रा दोन्ही हलवावे लागतात. म्हणून मालकाची परवानगी आधीच घेऊन ठेवा आणि इंजिनिअर फायर तोडायला आला असतानाच त्याच्याकडून हे बसवून घ्या. नंतर वेगळं बोलावलं की दुसऱ्यांदा तेवढीच मेहनत. फुग्यातली हवा काही आठवड्यांनी कमी होते, तो सैल होतो, घसरतो आणि वारा परत सुरू होतो. ‘केलं होतं तरी पुन्हा थंडी’ या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण. आमच्या मते भाड्याच्या घरात नमदा बरा, कारण तो सुटत नाही आणि त्यातून थोडी हवा खेळत राहते. नंतरच्या काळातल्या काही घरांत धुराडं काँक्रीटच्या अरुंद, चपट्या ठोकळ्यांचं असतं. त्यात फुगा बसतच नाही. काहीही बसवलं तरी लाल चिठ्ठी बाहेर दिसेल अशी लोंबती ठेवा: धुराडं बंद आहे, पेटवू नका.

धुराडं पूर्ण हवाबंद मात्र करू नका. जुन्या कोळशाच्या काजळीतले क्षार हवेतली ओल धरून ठेवतात. वरून पावसाचं पाणी आणि आतून कोंडलेली हवा मिळाली की वर्षभरात धुराड्याच्या पुढच्या भिंतीवर तपकिरी, पिवळट डाग उमटतात. वर रंग मारला तरी ते पुन्हा फुटून येतात. उपाय दोनच: खाली हवेला वाट ठेवायची, आणि वर धुराड्याच्या तोंडाला हवा जाऊ देणारी टोपी बसवून घ्यायला मालकाला सांगायचं. टोपीने पक्षीही रोखले जातात. वसंतात जॅकडॉ कावळे धुराड्यात काटक्या टाकून घरटी करतात. अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे टोपीचं काम हिवाळ्यात उरकून घ्यावं.

आता आवरण

माप घेताना फायरच्या चौकटीचं नव्हे, तिच्या सर्वांत पुढे आलेल्या भागाचं घ्या. प्रमाणित पोकळी साधारण १६ इंच रुंद आणि २२ इंच उंच असते, पण पुढची चौकट तिच्याहून मोठी असते. रेडिएंट फायर भिंतीपासून बरीच पुढे येते, तिला सपाट फळी लागूच पडत नाही, मागून उघडी पेटी करावी लागते.

इनसेट फायरसाठी ९ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ पुरतो. समजा चौकट ६० सेंटिमीटर रुंद आणि ६५ उंच आहे. फळी ६४ रुंद आणि ६५ उंच कापा. खाली दोन पाय लावा: १८ मिलिमीटर जाडीच्या लाकडाचे, प्रत्येकी किमान १५ सेंटिमीटर लांब, फळीशी काटकोनात, बराचसा भाग पुढे आणि थोडा मागे. पाय इतके उंच ठेवा की फळीखाली २ सेंटिमीटर फट राहील. वरच्या कडेलाही फळी चौकटीला न टेकता २ सेंटिमीटर पुढे उभी राहू द्या. ६० सेंटिमीटर रुंदीत २ सेंटिमीटर फट म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर हवेची वाट खाली आणि तेवढीच वर. ही फट बुजवून ‘फिनिशिंग’ करण्याचा मोह टाळा. ओल आणि वास दोन्ही तिच्यामुळेच आटोक्यात राहतात.

अशी फळी तीन किलोच्या आसपास भरते. ती स्वतःच्या वजनावर उभी राहिली पाहिजे. चिकटपट्ट्या इथे टिकत नाहीत: पितळी चौकट गुळगुळीत, संगमरवरावर काजळीचा पातळ थर, आणि मागून वाऱ्याची ढकल. लोहचुंबकही नको, कारण तो फायरलाच लावावा लागतो. पायांखाली नमद्याचे तुकडे लावा म्हणजे हर्थवर ओरखडे येणार नाहीत. मूल ओढेल अशी भीती असेल तर पायांवर आडवी पट्टी मारून तिच्यावर वाळूची छोटी पिशवी ठेवा.

फळीच्या मागच्या बाजूला कागद चिकटवून लिहा: फायर तोडलेली आहे, तारीख, इंजिनिअरचा नोंदणी क्रमांक. रिमोटची बॅटरी काढून ठेवा. फायरला विजेची जोडणी असेल तर तिचं बटणही बंद करा.

खोटे कोळसे काढून डबीत भरू नका. जुने कोळसे सिरॅमिक तंतूंचे असतात, हाताळले की बारीक धूळ उडते आणि ती छातीत जाऊ द्यायची नसते. मागे जुनी करडी पाटी किंवा दोरीसारखी पट्टी दिसली तर ती खरवडू नका. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या घरात ते असू शकतं.

एक गोष्ट आपल्या घरांपुरती. बैठकीत शोभेची जागा तीच असल्यामुळे गणपतीचं मखर नेमकं फायरपुढे मांडलं जातं, देव मँटलवर (फायरच्या वरच्या फळीवर) बसतात. भाद्रपदात हीटिंग बंद असतं म्हणून कोणाला धोका जाणवत नाही. पण जोडलेल्या फायरची पायलट ज्योत भाद्रपदातही जळत असू शकते, आणि तिच्यापुढे कागद, कापड, थर्माकोल, सुकत चाललेली फुलं असतात. फायर तोडलेली नसेल तर मखर दुसऱ्या भिंतीला मांडा. तोडलेली असली तरी समई आणि निरांजन रंगवलेल्या फळीपासून हातभर पुढे ठेवा.

त्रास परत आला तर

आवरण पुढे झुकतं: बहुतेक वेळा एक पाय हर्थवर आणि दुसरा मऊ गालिच्यावर असतो. दोन्ही एकाच पृष्ठभागावर आणा, किंवा पाय ५ सेंटिमीटरने लांबवा.

फक्त पावसाळी, दमट दिवसांत वास येतो: काजळी ओलावते आहे. धुराडं एकदा साफ करून घ्या आणि टोपी आहे का ते मालकाला विचारा. वास कुजक्या अंड्यासारखा असेल तर तो काजळीचा नव्हे, गॅसचा. मीटरजवळची दांडी पाइपला आडवी करून पुरवठा तोडा, खिडक्या उघडा, दिव्यांची बटणं दाबू नका, बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

डोकं दुखतं, मळमळतं, थकवा येतो, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतं: ही सर्दी-तापाची लक्षणं समजून घरात झोपून राहू नका. फायरच्या आसपास तपकिरी डाग पडणं, पायलट ज्योत वारंवार विझणं, खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त बाष्प धरणं या खुणाही सोबत बघा. खोट्या कोळशांच्या फायरची ज्योत पिवळी असणं साहजिक आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नका. अशा वेळी बाहेर पडायचं, वरच्याच क्रमांकावर फोन करायचा आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडची शंका स्पष्ट सांगायची.

फायर तोडली म्हणून खोलीतला अलार्म काढू नका. टेरेस घरांत शेजाऱ्याचं धुराडं आणि तुमचं यांच्यात एकाच विटेची भिंत असते. ती फुटली तर त्यांच्या फायरचा वायू तुमच्या फळीमागून येऊ शकतो. अलार्म उपकरणापासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर लावा, भिंतीवर असेल तर दार-खिडक्यांच्या वरच्या कडेहून उंच पण छतापासून निदान १५ सेंटिमीटर खाली. फळीच्या मागे ठेवलेला अलार्म निरुपयोगी आहे.

घर सोडताना आवरण सोबत न्या किंवा मालकाला लेखी विचारून तिथेच ठेवा. फायरचे आल्यावेळचे आणि जातेवेळचे फोटो एकाच कोनातून काढा, डिपॉझिटचा वाद निघाला तर तेच उपयोगी पडतात. धुराड्यातला नमदा विसरू नका. तो ठेवून जात असाल तर लाल चिठ्ठी जागेवर आहे ना ते पाहा, आणि ‘फायर तोडलेली, धुराडं अडवलेलं’ एवढं ईमेलमध्ये लिहून चाव्या द्या.